आयरिश मेलेली आणि एस्पेरांतो जिवंत? ही तुलनाच चुकीच्या मापाने केलीय

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. थोडक्यात असा: आयरिश मेलेली आणि एस्पेरांतो, म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेली भाषा, जिवंत; आयरिश रोज बोलणारे फक्त ७० हजार, एस्पेरांतो बोलणारे २० लाख, आयरिश लोकांनी स्वतःच टाकून दिली, तिचं स्पेलिंग म्हणजे वेडेपणा, एस्पेरांतो मात्र जगात सगळ्यांना सारखीच सोपी, पंधरा दिवसांत येते, आयरिशचा उपयोग नाही, तर तिच्यावर वेळ घालवू नका. मी डब्लिनमध्ये राहते, मुलगा तिसरीत आहे, इथे शाळेत सगळ्यांना आयरिश असते म्हणून त्याच्यासोबत मीही शिकायला लागले, आणि एस्पेरांतो तर मी कॉलेजपासून शिकतेय. दोन्ही भाषा मला जवळच्या आहेत, म्हणून हे लिहितेय.

आधी आकडे. ७० हजार हा आकडा खोटा नाही. आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत ७१,९६८ लोकांनी सांगितलं की शाळा-कॉलेज सोडून बाहेरही ते रोज आयरिश बोलतात. पण त्याच जनगणनेत आयरिश बोलता येतं म्हणणारे १८,७३,९९७ होते, तो आकडा मेसेजमधून गायब आहे. एस्पेरांतोचे २० लाख हा कुणीतरी काढलेला अंदाज आहे, तोही थोडीफार येणाऱ्यांना धरून, आणि दुसरे अंदाज एक लाखापर्यंत खाली येतात. म्हणजे एका भाषेचे फक्त रोज बोलणारे मोजले आणि दुसरीचे येत असलेले सगळे. सारखं माप लावायचं तर १८ लाखांसमोर २० लाख ठेवा, नाहीतर गेलटाख्तमधल्या, म्हणजे कॉनमारा, डोनेगल, केरीच्या आयरिशभाषी पट्ट्यातल्या घरांसमोर एस्पेरांतो घरातूनच शिकलेली मुलं ठेवा, ती जगभरात मिळून एक-दोन हजार असतील. हेही सांगते की त्या १८ लाखांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी स्वतःच म्हटलंय की आम्हाला नीट बोलता येत नाही. भाषेची स्थिती नाजूक आहे, ते कुणी नाकारत नाही, पण नाजूक म्हणजे मेलेली नव्हे.

"लोकांनी स्वतःच टाकून दिली" हे वाक्य वाचून मला खरंच राग आला. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात बटाट्याचं पीक सडलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच किंवा जास्त देश सोडून गेली, आणि सगळ्यात जास्त झळ बसली ती पश्चिमेकडच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या गावांना. त्याआधीच, १८३१ पासून, सरकारी शाळा सुरू झाल्या होत्या आणि त्यात शिकवणं इंग्रजीतून. कितीतरी ठिकाणी पोराच्या गळ्यात एक काठी बांधायचे, बाता स्कोर म्हणायचे तिला, पोरगं आयरिश बोललं की तिच्यावर एक खाच, आणि संध्याकाळी खाचा मोजून मार. आईबापही यात सामील असायचे, कारण पोराला अमेरिकेला किंवा इंग्लंडला जाऊन पोट भरायचं तर इंग्रजी हवी हे त्यांना दिसत होतं. याला टाकून देणं म्हणायचं?

स्पेलिंगचं म्हणाल तर वेडेपणा वाटतो तो इंग्रजीच्या नियमाने वाचायला गेलं की. एन-आय-ए-एम-एच हे नाव 'नीव', कारण आयरिशमध्ये एम-एच आलं की 'व' किंवा 'व'च्या जवळचा उच्चार. नियम बरेच आहेत पण ते पाळले जातात, इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त. खरं अवघड वेगळंच आहे. 'बाद' म्हणजे होडी. त्याची होडी 'अ वाद', तिची होडी 'अ बाद', त्यांची होडी 'अ माद'. 'अ' तोच, त्याची-तिची-त्यांची हे कळतं होडीच्या पहिल्या अक्षरावरून! आपल्याकडे शब्दाची शेपटी बदलते, घोडा-घोड्याला, तिथे तोंड बदलतं. मला याची सवय व्हायला वर्ष गेलं.

पण बाकी कितीतरी गोष्टी मराठी माणसाला घरच्यासारख्या वाटतात, त्या इंग्रजीवाल्याला भिंतीसारख्या लागतात. 'तू'ला 'तू'च म्हणतात. हो आणि नाही यांना सरसकट शब्दच नाहीत, "कळलं का?" विचारलं की "कळलं" किंवा "नाही कळलं" असं क्रियापदानेच उत्तर द्यायचं, आपण घरात तेच करतो ना! भूक लागली तर "ता ओक्रस ओरम", भूक माझ्यावर आहे. इंग्रजीसारखं 'मी भुकेला आहे' नाही, आपल्या 'मला भूक लागलीय'च्या जवळचं.

आता "सगळ्यांना सारखीच सोपी". एस्पेरांतो सोपी आहे, त्यात वाद नाही. १८८७ मध्ये झामेनहॉफ या डोळ्यांच्या डॉक्टरने ती मांडली तेव्हा व्याकरण १६ नियमांत बसवलं होतं. शब्द जोडून शब्द होतात: सान म्हणजे निरोगी, 'मल' लावलं की उलट, 'उल' म्हणजे माणूस, 'एय' म्हणजे जागा, शेवटी नामाचा 'ओ', झालं 'मलसानुलेयो', हॉस्पिटल. पण मूळ शब्द बहुतेक युरोपातले, त्यामुळे इटालियन माणसाला जे आधीच ओळखीचं ते आपल्याला पाठ करावं लागतं. उलट कर्माला लागणारा 'न' इंग्रजी बोलणाऱ्यांना महिनोन्महिने छळतो आणि आपल्याला 'मांजराला'मधल्या 'ला'सारखा पटकन कळतो, वाक्यात शब्द कुठेही ठेवा, कोण कुणाला चावलं ते कळतंच. म्हणजे सोपं-अवघड हे शिकणाऱ्याच्या आधीच्या भाषेवर ठरतं. आपले विनोबासुद्धा एस्पेरांतो शिकले होते. पंधरा दिवसांत वाचायला लागाल, मनातलं बोलायला काही महिने द्या.

"आयरिशचा उपयोग नाही" यावर एवढंच की १९९६ पासून तिचं टीव्ही चॅनल आहे, रेडिओ १९७२ पासून, २००७ पासून ती युरोपियन युनियनची अधिकृत भाषा आहे आणि २०२२ पासून तिथली कागदपत्रं पूर्णपणे त्या भाषेतही निघतात. एस्पेरांतोवाल्यांचं वेगळं, त्यांच्याकडे पासपोर्ता सेर्वो नावाची यादी आहे, भाषा येत असेल तर अनोळखी देशात कुणाच्या तरी घरी फुकट राहता येतं.

आमच्याकडे सध्या दिवसातून तीनदा एकच वाक्य ऐकू येतं, "अन विल क्याद अगम दुल गो दी अन लेहरस?", म्हणजे मी बाथरूमला जाऊ का. इथल्या ज्यांना शाळेचं बाकी सगळं आयरिश विसरायला झालंय त्यांनाही हे पाठ असतं. काल लेक मला थांबवून म्हणाला, आई तू नुसतं "जा" म्हणायचं नाही, "ता" म्हणायचं. 'ता' म्हणजे 'आहे', आणि प्रश्नातलं 'विल' हे त्याचंच रूप. प्रश्नातल्या क्रियापदानेच उत्तर.