डोंगर सकाळी, शहर दुपारी

मे महिना जवळ आला की आपल्याकडं दोनच बेत ऐकू येतात, महाबळेश्वर नाहीतर हिमाचल. भर उन्हाळ्यात मराठवाड्यात गाडी काढतो म्हटलं की लोक वेड्यात काढतात. मला हे अजिबात पटत नाही. अजिंठ्याचा आणि बालाघाटाचा डोंगर एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला घेऊन मे महिन्यातही मजेत हिंडता येतो. घाटात दरडीची भीती नाही, धुकं नाही, रस्ते कोरडे. अट एकच, आणि ती कुणाच्याही आग्रहानं मोडायची नाही: सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच गाडी उभी. डोंगर सकाळी, शहर दुपारी. सगळा प्रवास याच हिशेबानं आखायचा.

म्हणजे रोजचं अंतर २०० ते २२० किलोमीटरच्या वर न्यायचं नाही. पहाटे पाचला निघून अकरापर्यंत आणि संध्याकाळी दोन-अडीच तास, एवढीच गाडी चालवायची. बरेच जण म्हणतात, मग रात्री चालवू की. नको. रात्री आपल्या रस्त्यांवर मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असते, पांढरा पट्टा पुसलेला गतिरोधक असतो, बसलेली जनावरं असतात. त्यात लग्नसराईत वऱ्हाडाचे टेम्पो दिवसभर पळून, थकलेल्या ड्रायव्हरसकट परतत असतात.

संभाजीनगरपासून सुरुवात करणार असाल तर पहिली सकाळ वेरूळला द्या. अंतर ३० किलोमीटर. लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत, त्यामुळं सकाळी दर्शनी भागावर डोंगराचीच सावली असते. तीच जागा दुपारी तीनला भट्टी होते. दौलताबाद त्याच दिवशी कोंबू नका. तो किल्ला उभ्या चढाचा आहे, त्याला वेगळी सकाळ हवी आणि दहाच्या आत माथा गाठून उतरायला लागायचं. संध्याकाळी खुलताबादवरून म्हैसमाळ. शहर साधारण ५७० मीटर उंचीवर आणि म्हैसमाळ हजार मीटरच्या पुढं, म्हणजे फरक फार तर तीन अंशांचा. दुपारी तो जाणवतही नाही, पण सूर्य कलल्यावर वारा सुटला की तेच तीन अंश पुरेसे होतात.

अजिंठा या वेळापत्रकात नीट बसत नाही, कारण लेणी नऊला उघडतात. तरी जायचंच, फक्त सहाच्या आत संभाजीनगर सोडून आठ-सव्वाआठला फर्दापूरच्या फाट्यावर पोचायचं. स्वतःची गाडी तिथंच ठेवून पुढचे चार किलोमीटर बसनं जावं लागतं, म्हणून पहिली बस गाठायची. बारापर्यंत लेणी बघून खाली यायचं आणि पाचपर्यंत फर्दापुरातच सावलीला थांबायचं. वारही लक्षात ठेवा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

कन्नडकडं वळलात तर औट्रम घाट आणि गौताळ्याचं जंगल आहे. या जंगलाकडून मे महिन्यात सावलीची अपेक्षा धरू नका. झाडं पानगळीची आहेत, निम्मी उघडी असतात. किनवट-माहूरच्या सागवानाचंही तेच. जमिनीवर वाळक्या पानांचा थर असतो, विडी-सिगारेटचं थोटूक टाकलं तर वणवाच लागेल. आणि धबधब्यांची नावं यादीतून खोडा. सहस्रकुंड, नळदुर्गचे नर-मादी, हे पावसाळ्याचं काम आहे.

दक्षिणेकडं बीडवरून मांजरसुंब्याचा घाट, मग अंबाजोगाई, लातूर, नांदेड, माहूर अशी रेघ ओढली की डोंगर आणि शहर आळीपाळीनं येतात आणि दुपारी आपोआप शहरात पडतात. अंबाजोगाईत सकाळी मुकुंदराजांची समाधी आणि हत्तीखाना लेणी होतात. नांदेडला दुपार सचखंड गुरुद्वाऱ्यात जावी. लंगरमध्ये बसून जेवा, डोकं झाका, आणि जमलं तर भांड्यांना हात लावा.

आता गाडी. उन्हाळ्यात दगा देतात त्या तीन गोष्टी: टायर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि बॅटरी. टायरची हवा पहाटे, गाडी हलवायच्या आधी तपासायची. कंपनीनं दिलेला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो आणि तो थंड टायरचा असतो. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की दाब साधारण एक पीएसआय वाढतो, म्हणून पहाटे ३३ भरलेला टायर अकराला ३७-३८ दाखवू शकतो. तो बघून हवा काढू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, बाजूची भिंत सतत वाकते, आतून तापते आणि तिथंच फुटतो. सोबतच टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी सहा-सात वर्षांचं रबर मे महिन्यात महामार्गावर नेऊ नये. स्टेपनीचीही तारीख बघा, ती कुणीच बघत नाही.

समृद्धी महामार्गाबद्दल माझं मत कडक आहे. जालन्याहून नागपूरला कामानं जायचं असेल तर तो उत्तम, पण भटकंतीसाठी नाही. सरळसोट तापलेलं सिमेंट, १२० ची मर्यादा, तासन् तास एकच वेग, म्हणजे टायरही तापतात आणि चालवणाऱ्याचे डोळेही जड होतात. दुचाकीला तर तिथं प्रवेशच नाही. जायचंच असेल तर दर दीड तासानं उतरा आणि चारही टायरना हात लावून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक घासतोय. राष्ट्रीय महामार्गांचा फास्टॅग वार्षिक पास या रस्त्यावर चालत नाही, तेव्हा फास्टॅगमध्ये वेगळे पैसे ठेवा.

कूलंटच्या टाकीत पातळी खुणांच्या मध्ये हवी, आणि त्यात नळाचं पाणी ओतत राहू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. निघण्यापूर्वी रेडिएटरच्या जाळीतली धूळ आणि किडे पाण्याच्या हलक्या धारेनं काढा. जोराच्या प्रेशरनं पापुद्रे वाकतात. घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला तर आधी एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू. उकाड्यात जीव नको होईल, पण इंजिनची उष्णता बाहेर काढायचा तो सोपा मार्ग आहे. तरी उतरलं नाही तर कडेला थांबा, बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, उघडताच तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणं म्हणजे हेडला बाक आणणं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी दिसली तर कोमट पाण्यानं धुऊन, पुसून घट्ट करून घ्या, आणि बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर निघण्यापूर्वीच दुकानात तपासून घ्या.

टाकी फुल्ल केली की उन्हाळ्यात स्फोट होतो, हा मेसेज दरवर्षी फिरतो. खोटा आहे. पंपाचं नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, त्यावर ‘अजून थोडं’ म्हणून दाबून भरायचं नाही, एवढंच पथ्य.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पॅडल मऊ पडून खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं. जुनं तेल लवकर उकळतं, आणि ते कळतं नेमकं उतारावर.

माणसांचं सांगायचं तर दोघांना मिळून दिवसाला किमान आठ ते दहा लिटर प्यायचं पाणी, आणि गाडीसाठी वेगळं पाच लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं. मोटारसायकलवाल्यांनी अंगभर सुती कपडे घालावेत. हवा ४१-४२ अंशांची झाली की वारा अंग गार करत नाही, उलट तापवतो, त्यामुळं उघड्या हातांनी ‘हवा खात’ जाण्यात काही अर्थ नाही. खिशात कांदा ठेवा हवा तर, पण तो पाण्याची जागा घेत नाही. रसवंतीवर रस जरूर प्या, बर्फ नको म्हणा. सोबत्याचं बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून कोरडं पडलं, तर ते साधं ऊन लागणं नाही, उष्माघात आहे: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आणि गावात थांबलात तर पाण्याकडं बघून वागा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. धाब्यावर पाइप लावून गाडी धुवायला सांगू नका, ओल्या फडक्यानं काच पुसली की भागतं.

मे महिन्यात चारच्या पुढं ढग दाटले तर पाचला गाडी काढायचा बेतही बाजूला ठेवा. अवकाळीची वीज इथं दरवर्षी माणसं आणि जनावरं मारते. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या. कारमध्ये असाल तर काचा लावून आतच बसा, दुचाकीवर असाल तर झाड सोडून पक्क्या इमारतीत शिरा. पहिल्या सरीनंतर डांबरावरची धूळ आणि सांडलेलं ऑइल मिळून रस्ता साबणासारखा होतो. अर्धा तास जोराचा पाऊस होऊन तो धुतला जाईपर्यंत निघू नका.

शेवटचं काम निघण्याआधीचं: कॅलेंडरात लग्नाच्या तिथी बघा. दाट तिथीला लातूर-नांदेडचे लॉज वऱ्हाडानं भरलेले असतात. फोन करताना ‘सकाळी अकराला खोली मिळेल का’ हे स्पष्ट विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी बाराला खोली देतात, आणि आपल्याला खोली रात्रीपेक्षा दुपारी जास्त लागणार आहे.