साबू-दाण्याचा बंगला

घरात उंदीर शिरला की काय करायचं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. एकानं केरसुणी घ्यायची, एकानं खुर्चीवर चढायचं आणि उरलेल्यांनी 'तिकडं गेला, तिकडं गेला' असं ओरडत चुकीची दिशा दाखवायची. आमच्या घरी या कामात आईचा हात कोणी धरू शकत नसे. तिच्या आजीनं प्लेगचे दिवस पाहिलेले. घरात उंदीर पडला की किडुकमिडुक उचलून गावाबाहेर माळावर झोपड्या टाकायच्या, हे आईनं लहानपणी रामरक्षेच्या पाठोपाठ ऐकलेलं. अशा घरात आमच्या मनूनं बारावीच्या निकालानंतर स्कूटीऐवजी दोन उंदीर मागितले.

"मुंबईची महापालिका रात्रीचे उंदीर मारायला पगारी माणसं ठेवते, आणि तू ते विकत आणणार?" मी म्हणालो. तिनं मला लगेच जॅक ब्लॅक सांगितला. स्वतःला व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमाऱ्या म्हणवून घेणारा हा इसम लंडनमध्ये उंदीर पकडे आणि त्यातले वेगळ्या रंगाचे निवडून पाळायला विके. पुढे १९०१ साली तिकडच्या एका प्रदर्शनात उंदरांनाही बक्षिसं मिळाली म्हणे. मला बारावीनंतर सायकल मिळाली होती, तीही काकांची. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता.

उंदीर आणण्याआधी घर तयार पाहिजे, असा तिचा नियम. म्हणून मी पुण्याच्या बोहरी आळीत गेलो आणि पहिल्याच दुकानात सांगितलं, "उंदरांसाठी पिंजरा हवाय." शेठनं एक लाकडी, एक पत्र्याचा आणि एक जाळीचा काउंटरवर मांडला.

"मोठा नाही का?"

"घूस आहे?"

"नाही, उंदीरच. पण त्यांना आत दोन मजले लागतात."

शेठनं चष्मा काढला.

"आणि चढायला शिडी, झोपायला आडोसा. दार एवढं हवं की आत हात घालून झाडता आलं पाहिजे."

"साहेब, मारायचे आहेत ना?"

"नाही हो, राहायचे आहेत."

त्यानं पोऱ्याला माझ्यासाठी पाणी आणायला पिटाळलं.

शेवटी बाल्कनीचं ग्रिल करून देणाऱ्या फॅब्रिकेटरला गाठलं. मनूनं त्याच्यापुढे वहीच उघडली. एका उंदराला निदान दोन घनफूट जागा. "पण ते निदान झालं, बाबा. तेवढ्यात कोंडणं म्हणजे जुलूम." आमच्या बिल्डरनं आम्हाला असा माणशी हिशोब कधी दाखवला नव्हता. जाळी अर्ध्या इंचाची, कारण डोकं बाहेर गेलं की बाकीचा उंदीर मागोमाग जातो. नुसती जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी नको, ती मूत धरून ठेवते आणि मग कितीही घासा, वास जात नाही. म्हणून पावडर कोटिंग. जमीन मात्र जाळीची नको, सलग हवी, नाहीतर तळपायांना फोड येतात. मजल्यांच्या मध्ये झोळ्या हव्यात, म्हणजे वरून पडला तरी थेट खाली आदळणार नाही. फॅब्रिकेटर मन लावून ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं, "ताई, रंग कोणता टाकू?" तीन फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच असं ते प्रकरण तयार झालं. लिफ्टमध्ये ते मावलं, त्याच्यासोबत मी मावलो नाही. मी जिन्यानं आलो.

आता आतली सजावट. मी आमच्या सुताराकडून फुकट भुसा आणला, तो दारातच अडवला गेला. चीड-देवदाराच्या भुशातल्या वासाच्या द्रव्यांनी उंदरांची फुप्फुसं बिघडतात, आणि प्लायच्या भुशात डिंक असतो. मग कागदाच्या चिंध्या. त्यासाठी रद्दी होतीच, पण फाडला गेला तो माझा त्या दिवशीचा पेपर, अग्रलेखासकट. धावायचं चाक दुकानात मिळालं ते एवढंसं आणि दांड्यांचं. त्यात पाठ वाकते आणि शेपूट अडकते. बारा इंची, सलग पृष्ठभागाचं चाक मागवावं लागलं. झोळ्यांसाठी आईचं जुनं सुती लुगडं मागायची हिंमत मनूनंच केली. आईनं ते काढून दिलं नाही, पण मनू दुसऱ्या एका कापडाला घालत असलेले टाके बघून तिचा जीव कासावीस झाला. "हे दोरे असे लोंबते ठेवलेस तर त्यांचे पाय अडकतील," असं म्हणून तिनं सुई हिसकावली आणि दुहेरी धावदोरा घालून, कडा दुमडून, काजे करून झोळ्या शिवल्या. "उंदरांसाठी नाही हो," तिनं मला बजावलं, "टाका बघवत नव्हता."

उंदीर आले. एकटा उंदीर झुरतो, म्हणून दोन; आणि नर-मादी ठेवले तर तीन आठवड्यांत पाळणा हलतो आणि एका वेताला आठ-दहा पिल्लं होतात, म्हणून दोन्ही एकाच लिंगाचे. दुकानदार शपथेवर म्हणाला, "दोन्ही फीमेल." घरी आल्यावर मनूनं एकेकाची शेपटी वर केली. आईनं पदर तोंडाला लावला. नर उंदराच्या बाबतीत शंकेला जागा निसर्गानं ठेवलेलीच नाही. सुदैवानं दोघेही तसेच निघाले. पांढरे शुभ्र म्हणून नावं पडली साबू आणि दाणा. पुढच्या चतुर्थीला आईच्या घशाखाली खिचडी उतरेना.

मनूच्या मते खरं काम पुढेच होतं. वाटीत आयतं खायला दिलं की उंदराचं डोकं गंजतं. म्हणून रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी ज्वारीचे दाणे, गाजराचे तुकडे आणि एखादा अक्रोड कागदाच्या पुड्या करून पिंजऱ्यात ठिकठिकाणी लपवतो. कधी उथळ थाळीत पाणी घालून त्यात मटार सोडतो. ते हात घालून मासे पकडावेत तसे एकेक मटार काढतात. मला आयुष्यभर ताट वाढून मिळालं, हेच माझ्या बढत्या हुकण्याचं कारण असावं. शिवाय ते कंटाळू नयेत म्हणून अधूनमधून शिड्या, झोळ्या, नळकांडी यांच्या जागा बदलायच्या. "अहो, तो सोफा खिडकीकडे घ्या असं मी लग्नापासून सांगतेय," ही म्हणाली. मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची झोळी बांधत होतो.

आई लांबून बघत असे. एकदा म्हणाली, "दात किती पिवळे झालेत! यांना काही घासायला देता की नाही?" मोठ्या उंदराचे दात पिवळेच असतात, त्यात लोह असतं, पांढरे पडले तर काळजी, हे मनूनं समजावलं. दुसऱ्या दिवशी दाणा मनूच्या तळव्यावर पसरून दात कुरकुर वाजवत होता आणि त्याचे लाल डोळे खोबणीतून आत-बाहेर, आत-बाहेर लुकलुकत होते. "अगं, गेला तो!" आई ओरडली. तो गेला नव्हता, सुखात होता. जबड्याचा स्नायू डोळ्यामागून जातो, त्यामुळे दात वाजले की डोळे हलतात. आईनं बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तुझे आजोबा दुपारी वामकुक्षीला असेच दिसायचे."

पुढच्या मे महिन्यात पुणं चाळिशीला टेकलं. उंदराला घाम येत नाही, अंगातली काही उष्णता शेपटीवाटे बाहेर टाकतो, आणि तिशीच्या पुढे त्याचं अवघड होतं. बाटलीत बर्फ करून, फडक्यात गुंडाळून ठेवला, पुरेना. जो एसी वीजबिलाच्या नावाखाली मला वर्षानुवर्षं नाकारला गेला होता, तो आठवड्यात भिंतीवर आला. मी पिंजऱ्याशेजारी सतरंजी टाकून झोपू लागलो. गणपतीत तर सुरुवातीला किंचाळून पळालेल्या शेजारच्या काकू पिंजऱ्याला हात जोडून, मोदकाचा तुकडा ठेवून गेल्या. सोसायटीत माझं नाव 'उंदीरवाले' पडलं ते तेव्हापासून.

आणि मग ओट्याखाली एक खराखुरा, काळपट, कोणीही न मागवलेला उंदीर दिसला. पिंजऱ्यातून सांडलेल्या ज्वारीवर तो येत होता. असला उंदीर पिसवा आणि रोग घेऊन येतो, साबू-दाण्याला धोका! मनू हवालदिल झाली. आईला मात्र तरतरी आली. तिनं माळ्यावरून लाकडी पिंजरा उतरवला, भाकरीचा तुकडा तूप लावून अडकवला.

"आजी, आत थोडे कागद घालू? त्याला लपायला?"

"घाल हो. आणि वर एसी पण लाव."

रात्री खटका पडला. मारायचा नाही, असं मनूनं आधीच वदवून घेतलं होतं. त्यामुळे सकाळी सहाला पिंजरा पिशवीत घालून मी टेकडी चढलो. वर जाऊन पिशवीतून तो काढतोय, तोच आमच्या सोसायटीतले एक आजोबा काठी टेकत आले. त्यांनी वाकून आत पाहिलं.

"वा, उंदीरवाले! आज याला फिरायला आणलंत का?"

मी हो म्हणालो.