आठ तासांचा हट्ट आणि तेरा वर्षांचा हात

‘जागतिक दर्जाचा व्हायोलिनवादक घडवण्याचे पाच नियम’ या मथळ्याचा एक संदेश गेले काही महिने पालकांच्या गटांतून फिरतो आहे. माझ्याकडे तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो पुसून टाकला. चौथ्यांदा तो माझ्या ताईने पाठवला आणि खाली विचारले, ‘‘हिचे रोज पाचच तास होतात, पुरेत का?’’ ‘हिचे’ म्हणजे माझ्या तेरा वर्षांच्या भाचीचे. त्याच आठवड्यात मी तिला भेटले, तेव्हा पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडण्यासाठी तिने बाटली डाव्या काखेत दाबून धरली, कारण डाव्या अंगठ्याच्या बुडाशी इतके दुखत होते की त्या हाताची पकडच बसत नव्हती. हे दोन महिने चालले होते आणि तिने कोणालाही सांगितले नव्हते, कारण त्या संदेशातला तिसरा नियम तिनेही वाचला होता.

ते नियम असे : वयाच्या पाचव्या वर्षाआधी सुरुवात हवी, रोज आठ तास सराव हवा, कारण ‘दहा हजार तासांचा नियम शास्त्राने सिद्ध केला आहे’ (म्हणजे तेवढ्या तासांच्या सरावाने माणूस निष्णात होतो), दुखणे हे प्रगतीचे लक्षण असल्याने थांबू नये, तेराव्या वर्षापर्यंत आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली नाही तर एकलवादनाची आशा सोडावी, आणि जुन्या, महागड्या वाद्यावाचून यश नाही. मी अनेक वर्षे व्हायोलिन शिकवते आहे आणि यातल्या दुसऱ्या व तिसऱ्या नियमाने मुलांचे हात निकामी होऊ शकतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच लिहिते.

दहा हजार तासांचा आकडा ज्या अभ्यासातून आला, तो मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनचे विद्यार्थी निवडले आणि सर्वोत्तम, चांगले आणि संगीतशिक्षक होऊ पाहणारे असे दहा-दहांचे तीन गट केले. सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरीने दहा हजार तासांच्या घरात जात होता, हे खरे आहे. पण ती सरासरी होती. त्या गटातल्या कित्येकांनी तोवर तो आकडा गाठलाही नव्हता, आणि आपल्या अभ्यासाचा असा ‘नियम’ करण्याला पुढे खुद्द एरिक्सन यांनीच हरकत घेतली. संदेश लिहिणाऱ्याने मूळ लेख उघडला असता तर त्याला आणखी काही दिसले असते. हे सर्वोत्तम विद्यार्थी आठवड्याला साधारण 24 तास एकट्याने सराव करत, म्हणजे दिवसाला सुमारे साडेतीन तास. तोही सलग नव्हे, तर तास-दीड तासाच्या बैठकींत, मध्ये विश्रांती घेऊन. शिवाय ते तिसऱ्या गटापेक्षा जास्त झोपत आणि दुपारची डुलकीही अधिक घेत. आणि ही विशी ओलांडलेली, वाढ पूर्ण झालेली माणसे होती. ज्या अभ्यासाच्या नावावर तेरा वर्षांच्या मुलीकडून आठ तास मागितले जातात, त्या अभ्यासातले सर्वोत्तम वादक एकट्याने त्याच्या निम्माही सराव करत नव्हते आणि दुपारी झोपत होते, हे ताईला मी फोनवर दोनदा वाचून दाखवले.

हाच अभ्यास मॅक्नमारा आणि मैत्र या संशोधकांनी नव्या विद्यार्थ्यांवर पुन्हा केला आणि त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सर्वोत्तम आणि चांगल्या गटांच्या साठलेल्या तासांत फरक आढळला नाही. जे व्हायोलिनच्या तंत्राचे शिखर मानले जातात त्या याशा हायफेट्झ यांनीही तरुणपणीच्या एका मुलाखतीत सांगितले होते की अति सराव हा अपुऱ्या सरावाइतकाच वाईट असतो आणि ते स्वतः सरासरी तीन तासांहून अधिक सराव करत नसत.

आता दुखण्याबद्दल. हनुवटीखालचा काळपट डाग, बोटांच्या टोकांवरचे घट्टे, अवघड एट्यूडनंतर (तंत्र पक्के करण्यासाठीच्या सरावरचनेनंतर) येणारा आणि रात्रीच्या झोपेने जाणारा थकवा, हे या वाद्याबरोबर येतेच. तेवढ्यापुरते ‘थोडे सोसावे लागते’ हे म्हणणे मी नाइलाजाने मान्य करते. पण सांध्यातली कळ, मुंग्या, बधिरपणा, पकड सुटणे किंवा सकाळी उठल्यावरही न गेलेले दुखणे यांचा प्रगतीशी काहीही संबंध नाही. त्या खुणा दिसल्या की गज खाली ठेवायचा आणि डॉक्टरांकडे जायचे.

भाचीचा अंगठा का दुखत होता, ते कळायला मला पाच मिनिटे लागली. तिची मान गेल्या वर्षभरात लांब झाली आहे, पण व्हायोलिनवरचा हनुवटी टेकवायचा आधार जुन्याच उंचीवर होता. ती पोकळी भरून काढायला ती डावा खांदा वर उचलून धरत होती आणि तरीही वाद्य घसरत असल्याने त्याचा भार अंगठ्यावर घेत होती. तिसऱ्या पोझिशनवरून, म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या हाताच्या वरच्या जागेवरून, खाली येताना तिचा अंगठा वाद्याच्या मानेला चिमट्यासारखा आवळलेला दिसे आणि बोटांच्या मागून फरफटत येई. व्हायब्रेटोच्या, म्हणजे बोट हलवून स्वर कंपित करण्याच्या, वेळी तर अंगठ्यामागचा स्नायू दगडासारखा कडक होई. अशा हाताने रोज पाच तास वाजवणे म्हणजे एकच चूक रोज पाच तास पक्की करणे. दुखणे तिला हेच सांगत होते आणि तो संदेश तिला त्याकडे दुर्लक्ष करायला शिकवत होता.

ही भीती मी उगाच घालत नाही. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रा-वादकांच्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष 1988 मध्ये प्रसिद्ध झाले, 2,212 वादकांपैकी 76 टक्क्यांनी वादनावर परिणाम करणारी किमान एक गंभीर शारीरिक तक्रार नोंदवली होती. टोकियो स्ट्रिंग क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या समूहाचे पहिले व्हायोलिनवादक पीटर ऊन्जन यांना हाताच्या डिस्टोनियामुळे (स्नायूंवरचा ताबा सुटण्याच्या विकारामुळे) 1995 मध्ये क्वार्टेट सोडावे लागले आणि ते ऑर्केस्ट्राच्या संचालनाकडे वळले. बारा वर्षांचे असताना बर्लिनमध्ये एका संध्याकाळी तीन कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजवायच्या मोठ्या रचना) वाजवणाऱ्या विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांना मोठेपणी वाद्य धरण्याची पद्धत मुळापासून तपासावी लागली आणि शरीरासाठी 1952 पासून ते बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे योग शिकले.

पाचव्या वर्षाच्या नियमात अर्धे सत्य आहे. बहुतेक नामांकित एकलवादकांनी चार ते आठ या वयात सुरुवात केलेली असते आणि लहानपणी कान व हात लवकर तयार होतात, हे नाकारता येत नाही. पण त्याच बर्लिनच्या अभ्यासातल्या विद्यार्थ्यांनी सरासरी आठव्या वर्षाच्या आसपास सुरुवात केली होती. नवव्या वर्षी सुरू केलेल्या मुलीला ‘उशीर झाला’ म्हणून तासांची भरपाई करायला लावणे ही शुद्ध घाई आहे.

स्पर्धेचा नियम तर नियमावलीसमोरही टिकत नाही. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत अठरा वर्षांखालच्या वादकांना प्रवेशच नाही. 1935 मध्ये वॉर्सातल्या पहिल्या विनियाव्स्की स्पर्धेत पंधरा वर्षांची जिनेट नवू पहिली आली आणि सव्वीस वर्षांचे डेव्हिड ऑयस्ट्राख दुसरे; त्या दुसऱ्या क्रमांकाने पुढे जगद्विख्यात झालेल्या ऑयस्ट्राख यांचे काहीही अडले नाही. नामांकित एकलवादक हिलरी हान दहाव्या वर्षी अमेरिकेतल्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतशाळेत गेल्या, सोळाव्या वर्षी पदवीपुरते शिक्षण संपवूनही एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिथेच शिकत राहिल्या. शिवाय व्हायोलिनवर जगणारी बहुसंख्य माणसे ऑर्केस्ट्रात, चेंबर संगीतात (मोजक्या वादकांच्या समूहवादनात) आणि शिकवण्यात असतात. ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनमध्ये मोझार्टच्या कॉन्चेर्टोचा सुरुवातीचा भाग आणि रिचर्ड स्ट्रॉसच्या ‘डॉन हुआन’ या ऑर्केस्ट्रा-रचनेचे पहिले पान ऐकतात, तेही बऱ्याच ठिकाणी पडद्याआडून, वादक कोण ते न पाहता.

वाद्याबद्दल दोनच वाक्ये पुरेत. 2012 मध्ये पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांना सहा जुनी इटालियन आणि सहा नवी व्हायोलिने न ओळखता वाजवायला दिली, तेव्हा त्यांतल्या सहांनी पहिली पसंती नव्या वाद्याला दिली. आणि नामांकित एकलवादक क्रिस्टियान टेट्झलाफ यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग स्टेफान-पेटर ग्राइनर या आजच्या काळातल्या कारागिराच्या व्हायोलिनवर बहरला आहे.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर असे की, पाच तास त्या हाताला फार होते. डॉक्टरांनी तीन आठवडे वाजवणे पूर्ण बंद ठेवायला सांगितले होते. आता हनुवटीचा आधार उंच केला आहे आणि ती वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठकी करते. संथ स्केल (क्रमाने चढते-उतरते स्वर) वाजवताना दर स्वराला अंगठा वाद्याच्या मानेवर हलकेच आपटून तो मोकळा आहे ना ते पाहायचे, आणि आवळलेला आढळला तर तिथेच थांबायचे. व्हायब्रेटो अजून बंद आहे. परवा तिने फोन करून सांगितले, ‘‘मावशी, आज सतराव्या मिनिटाला थांबले, अंगठा आवळत होता.’’ दोन महिने जे तिने लपवले, ते आता ती त्याच दिवशी सांगते.