फायरवॉलची सर्व्हिस मारायला सांगणारा तो मेसेज

हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला होता. आता तो मामांच्या ऑफिसात पोचलाय आणि तिथल्या तीन मशीनवर कोणीतरी तो अमलातही आणलाय, म्हणून सविस्तर लिहितो. मेसेजचा गोषवारा असा: विंडोजची फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्या-जाणाऱ्या कनेक्शनवर पहारा ठेवणारा भाग) ही नुसती कटकट आहे. प्रत्येक अपडेटनंतर तीच तीच परवानगी मागते. 'अलाऊ' दाबलं नाही तर प्रोग्रॅम चालत नाही. राउटरमध्ये फायरवॉल असतेच, अँटीव्हायरसही असतो. तेव्हा तिची सर्व्हिस (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम) कायमची डिसेबल करा, कॉम्प्युटर दुप्पट वेगाने चालेल.

सगळ्यात घातक सल्ला शेवटचा आहे, तो आधी घेतो.

विंडोज १० आणि ११ मध्ये सर्व्हिसेसची यादी उघडली तर 'विंडोज डिफेंडर फायरवॉल'चा स्टार्टअप टाइप करडा दिसतो, बदलता येत नाही. तो मुद्दामच तसा ठेवलाय. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असावं, कारण तो लोकांना सरळ रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) उतरवतो आणि 'एमपीएसएसव्हीसी' (हे या सर्व्हिसचं आतलं नाव) नावाच्या किल्लीत 'स्टार्ट'समोरचा २ खोडून ४ लिहायला सांगतो. यावर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं तांत्रिक दस्तऐवज अगदी स्पष्ट आहे: फायरवॉलची सर्व्हिस थांबवू नका, तसं करणं आम्ही ग्राह्य धरत नाही. पुढे परिणामही दिलेत. स्टार्ट मेनू चालेनासा होऊ शकतो, स्टोअरमधली ॲप्स इन्स्टॉल किंवा अपडेट होत नाहीत, फोनवरून विंडोज ॲक्टिव्हेट करणं फसतं, आणि फायरवॉलवर विसंबलेले इतर प्रोग्रॅम बिघडतात. कारण साधं आहे. ही सर्व्हिस फक्त 'हो-नाही' विचारत बसत नाही. मशीन चालू होत असताना लागणारे फिल्टर, विंडोजच्या इतर सर्व्हिसेसना नेटवर्कवर आवर घालणं आणि आयपीसेकचे (नेटवर्कवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीचे) नियम ही कामंही तिच्याकडेच आहेत. चाचणीपुरती फायरवॉल खरंच बंद करायची असेल तर विंडोज सिक्युरिटीत जाऊन त्या नेटवर्कच्या प्रोफाइलपुरती (डोमेन, प्रायव्हेट किंवा पब्लिक) बंद करा, दहा मिनिटांत पुन्हा चालू करा. सर्व्हिस मात्र चालूच राहिली पाहिजे.

म्हणजे अपडेटच्या त्रासाला कंटाळून लोक जो उपाय करतात, त्यानेच स्टोअरची अपडेट्स अडकतात. मग त्यावर तोडगा सांगणारा नवा मेसेज येईल.

आता परवानगी मागणाऱ्या पॉप-अपकडे वळू, कारण खरा गैरसमज तिथे आहे. 'अलाऊ दाबलं नाही तर प्रोग्रॅम चालत नाही' हे बहुतेक प्रोग्रॅमच्या बाबतीत खोटं आहे. विंडोजची फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये बाहेर जाणारं कनेक्शन अडवत नाही, न मागता आत येणारं अडवते. ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल यांत आपलं मशीन स्वतः बाहेर जातं आणि त्याचं उत्तर परत येतं, त्यामुळे त्यांना परवानगी लागत नाही. एखादा प्रोग्रॅम पोर्ट (कनेक्शनसाठीचं क्रमांकाचं दार) उघडून बाहेरच्यांची वाट बघत बसतो आणि त्याच्यासाठी आधीचा नियम नसतो, तेव्हाच पॉप-अप येतो. मीटिंगच्या ॲपने विचारलं आणि तुम्ही 'कॅन्सल' केलं तरी मीटिंग होतेच. करून बघा.

मग तो पुन्हा पुन्हा का येतो? कारण नियम प्रोग्रॅमच्या नावावर बसत नाही, त्याच्या फाइलच्या पूर्ण पत्त्यावर बसतो. बरीच ॲप्स यूजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये जातात आणि दर अपडेटला आवृत्तीच्या आकड्याचं नवं उपफोल्डर करतात. डिस्कॉर्ड असंच करतं. पत्ता बदलला की फायरवॉलच्या लेखी तो वेगळा प्रोग्रॅम. एका मशीनवर चार लॉगिन असतील तर चौघांचे पत्ते वेगळे, म्हणून चौघांनाही वेगवेगळं विचारलं जातं.

याहून त्रासदायक भाग मेसेजमध्ये नाही, कारण तो लिहिणाऱ्याला ठाऊकच नसणार. पॉप-अपवर 'कॅन्सल' दाबलं की प्रश्न नुसता टळत नाही. त्या प्रोग्रॅमसाठी मनाईचे नियम तयार होतात, सहसा दोन: एक टीसीपीचा, एक यूडीपीचा (या डेटा पाठवायच्या दोन पद्धती). ॲडमिन नसलेल्या यूजरला तर बहुतेक वेळा पॉप-अप दिसतही नाही, मनाई परस्पर लागते. आणि मनाई व परवानगी समोरासमोर आल्या तर मनाई जिंकते. टॅलीचं मल्टियूजर लायसन्स घ्या. सर्व्हर मशीनवर ९९९९ पोर्ट उघडा असावा लागतो. अकाउंटंट घाईत 'कॅन्सल' करतो, बाकीच्या मशीनना लायसन्स मिळेनासं होतं. मग कोणीतरी ९९९९ साठी परवानगीचा नियम घालतं, तरी चालत नाही. शेवटी फायरवॉलच बंद करतात, लगेच चालतं, आणि 'बघा, दोष फायरवॉलचाच' असं ठरतं. खरा उपाय दोन मिनिटांचा आहे: फायरवॉलची 'ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी'ची खिडकी उघडा, इनबाउंड रूल्समध्ये (आत येणाऱ्यांचे नियम) जा, नाव लावून क्रम लावा, त्या प्रोग्रॅमसमोर लाल खूण असलेले दोन्ही नियम पुसा, प्रोग्रॅम पुन्हा चालू करा, आणि यावेळी फक्त 'प्रायव्हेट'वर (घरचं किंवा ऑफिसचं विश्वासाचं नेटवर्क) टिचकी मारून परवानगी द्या. 'पब्लिक' रिकामंच ठेवा.

राउटर बदलल्यावर अचानक शेअर केलेला प्रिंटर दिसेनासा होतो, तेही असंच. विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि तिने त्याला 'पब्लिक' ठरवलेलं असतं. नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' करा.

'राउटरमध्ये फायरवॉल असतेच.' असते, पण ती दाराबाहेरून येणाऱ्याला अडवते. घरातल्या एका मशीनने दुसऱ्यावर हल्ला केला तर राउटरच्या फायरवॉलला त्याचा पत्ताही लागत नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा आपोआप पसरणारा व्हायरस (किडा) पसरला तेव्हा न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. तो किडा एकदा कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला की एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होता, ४४५ पोर्टातून आणि चोरलेल्या पासवर्डवर. प्रत्येक मशीनची स्वतःची फायरवॉल असते ती हाच प्रवास अडवण्यासाठी. शिवाय लॅपटॉप स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वायफायला जोडता तेव्हा तुमचा राउटर घरी असतो.

वेग दुप्पट होतो म्हणे. नाही होत. नेट मंद वाटत असेल तर आधी अँटीव्हायरसचं वेब-स्कॅनिंग तपासा.

अपडेट कधीच त्रास देत नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही, नाइलाजाने हे कबूल करतो. जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने डीएनएसमधली (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) गंभीर त्रुटी बुजवणारं अपडेट दिलं आणि झोनअलार्म ही दुसऱ्या कंपनीची फायरवॉल वापरणाऱ्या असंख्य लोकांचं इंटरनेट बंद पडलं. झोनअलार्मची सुधारित आवृत्ती येईपर्यंत लोकांनी संरक्षणाची पट्टी 'हाय'वरून 'मीडियम'वर आणून काम भागवलं. नॉटपेट्यासुद्धा युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत आला होता. पण यातून 'फायरवॉल काढा' हे कसं निघतं? किडा अपडेटमधून आला तर तो पुढे पसरू नये म्हणून फायरवॉल अधिकच हवी.

ब्राउझरमध्ये 'फायरवॉल अलर्ट, या नंबरवर फोन करा' असं आलं तर ती फसवणूक आहे. विंडोजच्या खऱ्या पॉप-अपमध्ये फोन नंबर नसतो. फोन करून बसला असाल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

ज्यांनी मेसेज वाचून सर्व्हिस मारलीच आहे त्यांच्यासाठी: रजिस्ट्रीतल्या त्याच किल्लीत 'स्टार्ट'ची किंमत ४ ची पुन्हा २ करा, मशीन रीस्टार्ट करा, आणि विंडोज सिक्युरिटीत तिन्ही प्रोफाइल 'ऑन' आहेत ना ते बघा. नियमांचा आधीच गुंता झाला असेल तर 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' दाबा. त्याने हाताने घातलेले सगळे नियम जातात, म्हणून आधी 'एक्स्पोर्ट पॉलिसी'ने एक प्रत काढून ठेवा. रीसेटनंतर पहिले एक-दोन दिवस पॉप-अप जास्त येतील. ते वाचा, मग टिचकी मारा.