‘क्लासिकला हात लावू नका’ म्हणणाऱ्या माझ्या भयपटवेड्या दोस्तांनो

अधूनमधून वावडी उठते, ‘द फ्लाय’चा रिमेक येणार म्हणून. लगेच आपल्या गोतावळ्यात सुतक. क्लासिक आहे, हात लावू नका!

अरे, पण ज्याचे गोडवे आपण गातो तो डेव्हिड क्रोनेनबर्गचा १९८६चा सिनेमा स्वतःच रिमेक आहे ना? आधीचा १९५८चा, आणि त्याच्याही मागे जॉर्ज लँगेलानची कथा. तो जुना ‘फ्लाय’ आज थोडा हसू आणतो, पण टाकाऊ नाही. शास्त्रज्ञ वस्तू एका जागेहून क्षणात दुसरीकडे पाठवणाऱ्या यंत्रात शिरतो, सोबत माशी शिरते आणि बाहेर येताना अदलाबदल झालेली असते. याच्या धडावर माशीचं डोकं, एक हात माशीचा. एका झटक्यात. मग तो डोक्यावर काळं फडकं घेऊन वावरतो आणि आपण ते कधी निघतंय याची वाट बघत बसतो.

क्रोनेनबर्गने यंत्र ठेवलं, माशी ठेवली आणि फडकं फेकून दिलं. त्याच्या कॉम्प्युटरला यंत्रात दोन जीव सापडतात, आणि तो त्यांच्या जनुकांची सरळ मिसळ करून टाकतो. त्यामुळे जेफ गोल्डब्लमचा सेथ ब्रंडल बाहेर येतो तेव्हा त्याला काहीच झालेलं नसतं. उलट स्वारी खूश! अंगात रग, जिमनॅस्टसारख्या उड्या, कॉफीत चमच्यामागून चमचा साखर. यंत्राने आपल्याला गाळून शुद्ध केलं असं त्याला वाटतं. मग पाठीवर राठ केस. मग आरशासमोर बोटाचं नख अलगद सुटून हातात. मग कान. गळालेले तुकडे तो औषधांच्या कपाटात मांडून ठेवतो आणि त्याला स्वतःच्या नावाचं संग्रहालय म्हणतो. हा विनोद मला अजून पचलेला नाही.

म्हणजे अपघाताची गोष्ट दुखण्याची झाली. माशीचं डोकं कुणाला येत नाही हो, दुखणं येतं. घरात रेंगाळलेलं आजारपण ज्यांनी काढलंय त्यांना ब्रंडलच्या प्रेयसीचा, म्हणजे जीना डेव्हिसचा चेहरा उलगडून सांगावा लागत नाही. समोर माणूस तोच असतो आणि दर भेटीत थोडा कमी असतो. तेव्हा एड्सची दहशत होती, म्हणून अनेकांनी सिनेमा तसा वाचला; क्रोनेनबर्गचा स्वतःचा रोख म्हातारपण आणि मरणाकडे होता. मी त्याच्या बाजूने. क्रिस वॅलस आणि स्टीफन ड्युपुई यांना मेकअपचं ऑस्कर मिळालं ते शेवटच्या राक्षसासाठी असं लोक समजतात. माझ्या मते खरी करामत मधल्या टप्प्यांची आहे, जिथे तो नुसता आजारी दिसतो.

‘द थिंग’ या भयपटाचंही तेच, तोही रिमेकच. १९३८च्या मूळ कथेतला परग्रहावरचा जीव कुणाचंही हुबेहूब रूप घेतो. १९५१च्या सिनेमाने नेमकं तेच गाळलं. जॉन कारपेंटरने १९८२मध्ये ते परत आणलं, आणि शेजारी बसलेला माणूस माणूसच आहे का, हा संशय आला. रॉब बॉटिन नावाच्या विशीतल्या पोराने त्यासाठी जे चिकट, ओलं, फाटणारं मांस बनवलं ते आजही बघवत नाही. मग २०११मध्ये त्याची पूर्वकथा काढली. कारागिरांनी खरेखुरे राक्षस बनवले, सेटवर चालवले, आणि नंतर त्यातले बहुतेक सीजीआयने, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रांनी झाकून टाकले! राग येतो तो याचा. रिमेक काढा की, दहा काढा. पण या प्रकारात मांसाला वजन लागतं.

आता कुणी ‘फ्लाय’ काढलाच, तर मला आजचा ब्रंडल हवाय. मनगटावर घड्याळ, त्यात नाडी, झोप, पावलं. यंत्रातून बाहेर आल्यावर आकडे रोज सुधारतायत, आणि हा ते चारचौघांना दाखवत फिरतोय. पाठीवर केस आले तरी आकडे उत्तमच. घड्याळाला काही दिसत नाही ना! लोक विचारतायत, कसं केलंस, आम्हालाही सांग. १९८६मध्ये आपण त्याची कीव केली. आज निम्मे जण त्या यंत्रासमोर रांग लावतील, मला याची जास्त भीती वाटते.

आरशाचा प्रसंग मात्र ठेवा, आणि ते नख कॉम्प्युटरवर काढू नका. मी पहिल्याच दिवशी जाईन, आणि ते सुटायच्या वेळी नेहमीसारखी मान खाली घालीन.