स्मार्ट मीटर, आणि फोटो काढायला माणूस

परत आला! या महिन्यातही विजेच्या मीटरचा फोटो काढायला माणूस आला. अहो, पण मीटर स्मार्ट आहे ना? आत मोडेम आहे, दर अर्ध्या तासाचा हिशेब तो स्वतः पाठवतो, आता रीडिंग घ्यायला कुणी येणार नाही, असं बसवताना सांगितलं होतं. "रेंज नाही काका," तो म्हणाला. जिन्याखालच्या लोखंडी पेटीत रेंज कुठून येणार? तिथे माझाही फोन लागत नाही. हे बसवणाऱ्यांना दिसलं नाही?

मागच्या महिन्यात तोही आला नव्हता, मग सरासरी बिल. घर पंधरा दिवस बंद, आम्ही गावी, तरी सरासरी!

2021 मध्ये केंद्राने योजना आणली, देशभर 25 कोटी मीटरचं लक्ष्य. आधी प्रीपेड म्हणाले, लोक ओरडले तेव्हा आपल्याकडे पोस्टपेड झालं. नाव बदललं, पेटी तीच. या मीटरवर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त, म्हणे. त्या वेळी घरी असतं कोण? फ्रीज आणि मांजर.

सगळ्यात कहर म्हणजे, वीज जाता जाता मीटर शेवटचा निरोप पाठवतो, असं त्याचं तंत्र आहे. काल रात्री दोन तास अंधार. हेल्पलाइनवर बाई विचारतात, "तुमच्याकडे लाइट गेलीय का?"

मीटरला विचारा ना, बाई.