अनामत परत कोणाला मिळते? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, उमेदवारी अर्जाच्या खर्चावर मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत भागेना, म्हणून स्वतंत्रच लिहिते आहे.

तो लेख न वाचलेल्यांसाठी आपलं म्हणणं आधी सांगते. विधानसभेच्या उमेदवाराकडून 10,000 रुपये अनामत घेणं ही सामान्य माणसाची अडवणूक आहे, असं मी लिहिलं होतं. ते भाबडेपणाचं आहे, असं आपल्याला वाटतं. 1951 सालचे 250 रुपये आजच्या 10,000 पेक्षा जड होते. अनामत काढली तर हौशे, नवशे, गवशे सगळेच रांगेत उभे राहतील. आणि ज्याला आपल्या वस्तीतून 10,000 रुपये जमवता येत नाहीत, त्याला मतं तरी कोण देणार?

पहिला मुद्दा मान्य. 250 चे 10,000 झाले, म्हणजे चाळीसपट वाढ, असं मी लिहून गेले. महागाईचा हिशेब न करता केलेली ती तुलना चूकच होती. ती मी मागे घेते.

दुसरा मुद्दा आपण अनुभवातून मांडलात. 1996 ला आपण मतदान केंद्राध्यक्ष होता, कागदी मतपत्रिकेचे दिवस होते. त्या लोकसभेला देशभरात 13,952 उमेदवार होते. तमिळनाडूत मोडकुरिची या विधानसभेच्या एकाच जागेवर 1,033 जण उभे होते. त्यानंतर कायदा बदलला, लोकसभेची अनामत 500 वरून थेट 10,000 झाली आणि 1998 ला उमेदवार उतरले 4,750 वर. आपण म्हणता, हा अनामतीचा गुण. पण त्याच दुरुस्तीत अपक्षांसाठी दहा सूचकांची, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणाऱ्या मतदारांची, अटही आली, म्हणून सगळं श्रेय पैशाला देता येत नाही. शिवाय गळालेल्या नऊ हजारांत हौशे किती आणि तळमळीचे किती, हे कोणी मोजलं?

आणि पैशाने गर्दी थांबते म्हणावं, तर 2019 चं तेलंगणातलं निजामाबाद आठवा. तोवर लोकसभेची अनामत 25,000 झाली होती, तरी तिथे 185 उमेदवार उभे राहिले. बहुतेक हळद आणि ज्वारीच्या भावासाठी उतरलेले शेतकरी. दुसरीकडे, मोठ्या उमेदवाराच्या नावाशी मिळतंजुळतं नाव शोधून उभे केलेले डमी आपण दर निवडणुकीत बघतो. मतदारांना चकवण्याखेरीज त्यांना काही काम नसतं, आणि त्यांची अनामत भरणारा वेगळाच असतो. गाळायचे होते ते हेच ना? ते आरामात आत येतात.

आता तिसरा मुद्दा. खरं तर मी लिहायला बसले ते याच्यासाठीच.

भांडुपच्या टेकडीवरच्या एका वस्तीत माझ्या ओळखीच्या एक ताई राहतात. दोन घरी पोळ्या करतात, दुपारी बचत गटाचं काम बघतात. पाण्याची लाइन वरच्या चाळींपर्यंत चढावी म्हणून त्यांनी काही वर्षं चपला झिजवल्या. 2019 च्या विधानसभेला वस्तीतल्या बायकाच म्हणाल्या, तुम्ही उभ्या राहा. सर, पैसे जमले होते. दोन दिवसांत भिशीतून आणि गटातून 10,000 उभे राहिले. दहा सूचकही तयार होते.

मग कोणीतरी त्यांना हिशेब समजावला. अनामत वाचवायची तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं हवीत. मतदारसंघात दीड लाख मतं पडली, तर 25,000 च्या वर. ताईंची ओळख फार तर चार हजार घरांत. म्हणजे पैसे बुडणार हे अर्ज भरायच्या आधीच ठरलेलं. त्यांनी सगळ्यांचे पैसे ज्याचे त्याला परत केले. मला म्हणाल्या, "हरले असते तर चाललं असतं गं. पण सुनंदाच्या पोरीच्या फीचे पैसे माझ्या नावावर बुडले असते, तर कोणत्या तोंडाने गटात बसले असते?"

म्हणून आता मी 10,000 च्या आकड्यावर भांडत नाही. ती जप्त होण्यावर भांडते. अनामत म्हणजे ठेव. ही ठेव परत कोणाला मिळते? जिंकणाऱ्याला आणि त्याच्या तुल्यबळ पक्षांच्या उमेदवारांना, म्हणजे ज्यांना त्या रकमेची चणचण कधी नव्हतीच त्यांना. निवडणूक पार पडल्यावर त्यांना उमेदवारी फुकट पडते. पदरचे पैसे घालतो तो लहान माणूस. वर "डिपॉझिटही वाचलं नाही" हा शिक्का आहेच. आपल्याकडे ही शिवीच आहे, लग्नाच्या पंगतीतही ऐकवली जाते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी रक्कम भरावी लागते, हे रास्तच आहे. पण हातावर पोट असलेल्या बाईला बाई म्हणून किंवा गरीब म्हणून काहीच सवलत नाही.

खर्चाची मर्यादाच 40 लाख आहे, तिथे 10,000 ची काय मातब्बरी, असंही आपण विचारलंत. 40 लाख खर्च केलेच पाहिजेत असं कोणी म्हणत नाही. ताई घरोघर चालत फिरल्या असत्या. अनामत मात्र भरावीच लागते.

मग गाळणी नकोच का? हवी. मतदान यंत्राच्या एका युनिटवर सोळाच बटणं असतात, हे मीही जाणते. पण गाळणी पैशाऐवजी सह्यांची असू शकते. आयर्लंडमध्ये 2001 साली उच्च न्यायालयाने अनामतीची सक्ती घटनाबाह्य ठरवली. आज तिथल्या अपक्षाला 500 युरो भरता येतात, नाहीतर 30 मतदारांचा पाठिंबा आणता येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1974 साली कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात सांगितलं, की ज्याच्याकडे शुल्काचे पैसे नाहीत त्याला मतपत्रिकेवर येण्याची दुसरी वाट ठेवलीच पाहिजे. शुल्क होतं 701 डॉलर 60 सेंट.

आपल्याकडे अपक्षाच्या दहा सूचकांची नावं मतदार यादीतल्या भाग आणि अनुक्रमांकावरून तपासतातच. दहाच्या जागी तीनशे मागा, आणि तेवढ्या सह्या आणणाऱ्याला अनामत माफ करा. डमी उभा करणाऱ्याला 10,000 रुपये काढून देणं सोपं आहे, तीनशे शेजाऱ्यांना दारात जाऊन पटवणं नाही. "वस्तीत वजन आहे का?" हा आपलाच प्रश्न, त्याचं उत्तर सह्यांतून थेट मिळतं.

खोट्या सह्यांची भीती मला आहे, आणि छाननीच्या एका दिवसात हे काम आवरेल का, याचीही. मी कधी निवडणूक ड्यूटी केलेली नाही. आपण केली आहे, म्हणून विचारते: तीनशे सह्या मतदार यादीशी ताडून पाहायला दोन माणसांना किती वेळ लागेल? सांगाल का? ताईंच्या पाण्याच्या अर्जावर 412 सह्या होत्या. प्रत्येकीपुढे घर नंबर होता, आणि त्यातल्या बऱ्याच त्यांनी रात्री आठनंतर, लोक कामावरून घरी आल्यावर, दार वाजवून घेतल्या होत्या.